विद्यार्थ्याची सेवा आणि तिचे फळ

महाविद्यालयात शिकणारी मुले सुट्टीच्या दिवशी खेड्यात श्रमदानास जातात, वस्तीतील लहानांना अक्षरे शिकवितात, रक्तदानाच्या शिबिरात दिवसभर उभी राहून काम करतात. आणि सायंकाळी दमून घरी परतली म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी त्यांना विचारतात, ‘यातून तुला काय मिळाले?’ प्रश्न साधा आहे आणि त्याच्या मुळाशी ममत्वच असते. परंतु ज्या घरात श्रीगीतेचे वाचन होते, त्या घरात या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो. भगवंतांनी फळावर दृष्टी न ठेवता कर्म करण्यास सांगितले आहे. मग सेवेतून विद्यार्थ्याचा लाभ होतो, असे त्याला सांगणे योग्य आहे काय? आणि लाभ खरोखरच होत असेल, तर त्या सेवेला निष्काम कसे म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारे दिले जाते. काही जण म्हणतात, तरुणांना लाभ दाखविल्यावाचून ते येणारच नाहीत. तेव्हा प्रमाणपत्र, गुण, नोकरीच्या वेळी होणारा उपयोग या गोष्टी त्यांच्यापुढे मांडाव्यात. दुसरे म्हणतात, लाभाचा उच्चार झाला की सेवा संपली आणि व्यापार सुरू झाला. पहिल्यांचे ऐकले तर सेवा हा एक सौदा होऊन बसतो. दुसऱ्यांचे ऐकले तर अठरा वर्षांच्या मुलापुढे आदर्श इतका उंच ठेवला जातो की तो त्याला दुरूनच नमस्कार करून निघून जातो. यांपैकी गीतेचे म्हणणे कोणते, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

प्रथम आपल्या देशात ही गोष्ट कशी घडत आली ते पाहू. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाच्या (१९४८-४९) काळापासून विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवेचे काही कार्य करावे, हा विचार शिक्षणक्षेत्रात मांडला जात होता. ते स्वेच्छेने व्हावे की सक्तीने, हा वादाचा मुद्दा होता. डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये नेमलेल्या समितीचा कौल सक्तीकडे होता. त्यानंतर प्रा. सैयदैन यांनी अन्य देशांतील व्यवस्थांचा अभ्यास केला आणि त्यांचा कौल स्वेच्छेकडे पडला. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती स्वेच्छेच्या तत्त्वावर. विद्यार्थ्याने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात राहावे, अशी तिची रचना आहे. ‘मी नव्हे, तू’ अशा अर्थाचे तिचे ब्रीद आहे.

ब्रीद असे असले, तरी या सेवेभोवती लाभाची वर्तुळे हळूहळू जमत गेली. सेवा पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते; काही विद्यापीठांत परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर समाजसेवेच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. यात कोणाचा हेतू वाईट होता असे नाही. परंतु ब्रीद ‘तू’ म्हणते आणि प्रमाणपत्रावर नाव मात्र ‘मी’चे असते. हा विरोध प्रत्येक प्रामाणिक विद्यार्थ्याच्या मनात केव्हा ना केव्हा उभा राहतोच, आणि त्याचे समाधान वडीलधाऱ्यांनी केले नाही तर तो एक तर दांभिक होतो किंवा निराश होतो.

आता गीतेकडे वळू. दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक बहुतेकांना मुखोद्गत असतो, परंतु त्याच्या चारही चरणांचा विचार क्वचितच केला जातो. कर्माला फळच नसते, असे भगवंत तेथे म्हणत नाहीत. पेरलेले उगवते, हा सृष्टीचा नियम त्यांनी मोडलेला नाही. ते एवढेच सांगतात की फळावर तुझा अधिकार नाही, आणि फळ हा तुझ्या कर्माचा हेतू होऊ देऊ नकोस. फळ असणे ही एक गोष्ट आहे आणि फळ हा हेतू असणे ही दुसरी. शेवटच्या चरणात आणखी एक सूचना आहे: कर्म न करण्याचीही आसक्ती धरू नकोस. म्हणजे ‘माझ्या मनात थोडा स्वार्थ आहे, माझी सेवा शुद्ध नाही, म्हणून मी सेवाच करीत नाही’, असे म्हणणाऱ्यालाही हा श्लोक आधार देत नाही.

पाचव्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात याहून स्पष्ट सांगितले आहे. योगी शरीराने, मनाने, बुद्धीने आणि नुसत्या इंद्रियांनीही कर्म करतात. ते आसक्ती सोडून करतात, आणि आत्मशुद्धीसाठी करतात. येथे कर्त्याला होणारा एक लाभ भगवंतांनी स्वतःच मान्य केला आहे. अठराव्या अध्यायातही यज्ञ, दान आणि तप ही विचारी माणसाला पावन करणारी आहेत, म्हणून ती टाकू नयेत, असे सांगून, तीही आसक्ती व फळ सोडूनच करावीत, असे लगेच पुढच्या श्लोकात बजावले आहे. सेवा करणारा पावन होतो, हा लाभ. आणि तरीही फळ सोडावयाचे, ही अट. दोन्ही गोष्टी गीतेत शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांत विरोध नाही.

विरोध का नाही, हे लाभाचे दोन प्रकार वेगळे केले म्हणजे समजते. एक लाभ बाहेरून दिला जातो: गुण, प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातील छायाचित्र. तो कामापासून वेगळा काढता येतो. काम न करताही तो लबाडीने मिळविता येतो आणि काम करूनही तो हुकू शकतो. दुसरा लाभ काम करता करता आत घडतो: धीर, नम्रता, दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची शक्ती. तो कामापासून वेगळा काढता येत नाही आणि कोणाला लबाडीने घेता येत नाही. पहिला मजुरीसारखा आहे, दुसरा व्यायामाने अंगात येणाऱ्या बळासारखा. पहिल्या लाभावर दृष्टी ठेवली तर दुसरा निसटतो, कारण दृष्टी कामावरून उठलेली असते.

दृष्टी कामावरून उठली म्हणजे कामच कसे बिघडते, याचे उत्तम उदाहरण रक्तदानात सापडते. पूर्वी आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणारे लोक अनेक शहरांत असत. ज्याला पैशाची निकड आहे, तो आपला आजार लपविण्याचा संभव असतो, वारंवार रक्त देऊन स्वतःची प्रकृती बिघडविण्याचाही संभव असतो. आणि त्याचे दूषित रक्त रोग्याच्या जिवावर बेतू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या प्रथेविरुद्ध निर्णय दिला आणि १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे देशात बंद झाले. इंग्लंडमधील अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहून, मोबदला न घेता दिलेले रक्त विकत घेतलेल्या रक्तापेक्षा अधिक सुरक्षित असते, असे प्रतिपादन केले होते. फळाची आसक्ती केवळ देणाऱ्याच्या मनाला डाग लावते असे आपण समजतो. येथे ती प्रत्यक्ष दिलेल्या वस्तूतच उतरते.

याउलट अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी शिबिरात जाऊन स्वेच्छेने रक्त देतो, तेव्हा काय घडते? ते रक्त कोणाला जाणार, हे सामान्यतः त्याला कळत नाही. घेणाऱ्याला देणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. एका पिशवीतून तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि रक्तबिंबिका वेगवेगळ्या करता येतात, त्यामुळे एकाचे दान एकाहून अधिक रोग्यांच्या उपयोगी पडू शकते. परतफेडीची शक्यताच नाही. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण सांगितले आहे, की देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, उलट उपकार करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य काळी आणि योग्य पात्री दिलेले, ते येथे जसेच्या तसे लागू पडते.

त्याच अध्यायात पुढे राजस आणि तामस दानाची लक्षणे आहेत. परतफेडीच्या अपेक्षेने, फळावर नजर ठेवून आणि कुरकुरत दिलेले ते राजस; अस्थानी, अपात्री, अनादराने आणि तुच्छतेने दिलेले ते तामस. ही कसोटी वृक्षारोपणाला लावून पाहावी. पावसाळ्यात रोप लावताना गर्दी असते. त्यांतला एक विद्यार्थी तास भरावेत म्हणून खड्डा खणतो, हे राजस. दुसरा, त्या गावच्या लोकांना काही कळत नाही असे मानून, जेथे गुरांची वाट आहे तेथेच रोपे रोवून मोकळा होतो, हे तामस. तिसरा गावच्या माणसांना विचारून जागा निवडतो आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात, कोणी पाहत नसताना, त्या रोपाला पाणी घालावयास जातो. तिघांच्या नावावर तास सारखेच लागलेले असतील. झाड मात्र तिसऱ्याचे जगण्याचा संभव अधिक. आणि त्या झाडाबरोबर तिसऱ्याच्या अंगी जे वाढते, ते पहिल्या दोघांच्या अंगी वाढत नाही.

हे जे अंगी वाढते, ते नेमके काय? त्याचे तीन भाग सांगता येतील.

पहिला लाभ ज्ञानाचा आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात दारिद्र्याची व्याख्या पाठ केलेला विद्यार्थी सर्वेक्षणासाठी घरोघर जातो, आणि या घरची बाई पाण्यासाठी दिवसातून किती खेपा घालते हे तिच्याच तोंडून ऐकतो, तेव्हा ती व्याख्या त्याला प्रथमच कळते. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याचे तीन उपाय सांगितले आहेत: नमन, प्रश्न आणि सेवा. तेथे सेवा तत्त्ववेत्त्या ज्ञानी पुरुषांची सांगितली आहे हे खरे. तथापि ज्याला जे ठाऊक आहे त्याच्यापुढे नम्र व्हावे, विचारावे आणि त्याचे काम करू लागावे, हा क्रम सर्वत्रच उपयोगी आहे. गुरुगृही राहणारा ब्रह्मचारी समिधा आणीत असे, गाई राखीत असे. ते काम विद्येच्या आड येणारे मानले जात नसे. ते विद्येचेच अंग होते.

दुसरा लाभ अहंकार झिजण्याचा आहे, आणि तो विद्यार्थ्याला विशेष आवश्यक आहे. कारण शिक्षणाबरोबर हाताने काम करण्याची लाज येऊ लागते. कलकत्ता शहरातील दोन घटना या संदर्भात आठवण्याजोग्या आहेत. १८९९ मध्ये तेथे प्लेगची भीती पसरली असता रामकृष्ण मिशनने स्वच्छतेचे कार्य हाती घेतले. भगिनी निवेदिता यांनी त्यासाठी विद्यार्थ्यांना आवाहन केले, आणि गलिच्छ वस्तीत स्वतः हातात झाडू घेतला. ते पाहून शिकलेले तरुणही झाडू घेऊन पुढे आले. त्याच शहरात १९०१ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. तेथे स्वयंसेवक पुष्कळ होते, पण काम सांगितले की एक जण दुसऱ्यावर आणि दुसरा तिसऱ्यावर टाकीत असे. शौचकूपांची घाण पाहून गांधीजींनी स्वयंसेवकांना ती दाखविली, तेव्हा हे भंग्याचे काम आहे असे उत्तर मिळाले. गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि स्वतः सफाई केली. स्वयंसेवकाचे नाव दोन्ही ठिकाणी सारखेच होते. पहिल्या ठिकाणी तरुणांच्या मनातील उच्चनीचतेची गाठ थोडी सैल झाली; दुसऱ्या ठिकाणी ती तशीच राहिली. जी सेवा ही गाठ सोडवीत नाही, तिने विद्यार्थ्याला पुष्कळ श्रम दिले तरी त्याचे खरे हित केले असे म्हणता येत नाही.

तिसरा लाभ समत्वाचा आहे. परीक्षेत अभ्यास केला की बहुधा गुण मिळतात. सेवेत तसे नाही. शिबिरातील मुलांनी सात दिवस राबून ओढ्यावर रेतीच्या पोत्यांचा बंधारा घालावा आणि अवकाळी पावसाने तो वाहून जावा. प्रौढांच्या वर्गाला पहिल्या दिवशी वीस जणांनी यावे आणि पंधराव्या दिवशी तिघांनीच. अशा वेळी तरुण मनाला जो चटका बसतो, तो कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवितो. अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याचे वर्णन आहे: आसक्ती नाही, ‘मी केले’ ही भाषा नाही, धैर्य आणि उत्साह आहे, आणि यश-अपयशाने मन हलत नाही. उत्साह आणि अलिप्तपणा एकाच माणसात असू शकतात, हे पुस्तकात वाचून पटत नाही. तिघांसाठीही त्याच तयारीने वर्ग घेणाऱ्या विद्यार्थ्याला ते हळूहळू पटू लागते.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. आक्षेप असा: सेवेने विद्यार्थ्याची चित्तशुद्धी होते असे तुम्ही म्हणता, मग ज्याची सेवा करावयाची तो दरिद्री, रोगी वा निरक्षर मनुष्य तुमच्या मुलांच्या चित्तशुद्धीचे साधन झाला की! त्याचे दुःख म्हणजे तुमच्या उन्नतीची पायरी झाली. हा आक्षेप खरा आहे, परंतु तो राजस सेवेला लागू पडतो. ‘मी शुद्ध होत आहे’ याकडे ज्याचे लक्ष आहे, तो समोरच्या माणसाकडे पाहतच नाही, आणि म्हणून तो शुद्धही होत नाही. सहाव्या अध्यायात, दुसऱ्याचे सुखदुःख जो आपल्यावरून ओळखतो, त्याला श्रेष्ठ योगी म्हटले आहे. आपल्यावरून ओळखावयाचे म्हणजे त्याच्या जागी स्वतःला ठेवावयाचे. तेथे तो साधन राहत नाही आणि मी उपकारकर्ता राहत नाही. आत्मशुद्धीचा मार्ग समोरच्या माणसाची खरी गरज पाहण्यातूनच जातो. दुसरी वाट नाही. म्हणून सेवा कशी झाली हे ठरविताना, विद्यार्थ्याला काय वाटले यापूर्वी, ज्याच्यासाठी केली त्याचे काय झाले, हे विचारले पाहिजे.

मग प्रमाणपत्रे आणि गुण बंद करावेत काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. नवशिक्या पोहणाऱ्याच्या कमरेला भोपळा बांधतात. भोपळ्यासाठी कोणी पाण्यात उतरत नाही आणि तो आयुष्यभर बांधूनही ठेवीत नाही. गुणांच्या निमित्ताने आलेला विद्यार्थी कामाच्या गोडीने राहिला, तर ते निमित्त सफल झाले. त्याने स्वतःलाच मधूनमधून एक प्रश्न विचारावा: उद्या हे गुण रद्द झाले, तर मी पुढच्या रविवारी येईन काय? उत्तर ‘नाही’ असे आले तरी निराश होऊ नये. आपण अजून कोठे आहोत एवढे त्यावरून कळले. दुसऱ्याच अध्यायात भगवंतांचे आश्वासन आहे की या मार्गावर केलेला आरंभ वाया जात नाही आणि या धर्माचे अल्प आचरणही मोठ्या भयापासून तारते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही, आणि ती म्हणजे न केलेल्या तासांची नोंद. ज्या विद्यार्थ्याने ओळखीच्या आधारे खोटी हजेरी लावून घेतली, त्याने सेवा केली नाही एवढेच होत नाही. सेवेच्या नावाने असत्याचा पहिला धडा तो शिकला. अनेकदा या कामी घरचीच माणसे शब्द टाकतात, आणि मुलाचे कल्याण केले असे मानतात.

येथेच गृहस्थाश्रमाचे कर्तव्य सुरू होते. विद्यार्थ्याची सेवा ही त्याची एकट्याची गोष्ट नसते. घरातून तिला बळ मिळते किंवा घरातच ती मोडते. अभ्यास बुडेल अशी आईवडिलांना धास्ती वाटते. वर्षाचे तास ८,७६० असतात. त्यांपैकी १२० म्हणजे त्र्याहत्तरावा भाग. एवढ्याने विद्या बुडत नाही. धास्ती वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे: मुलाने केवळ स्वतःसाठी जगण्याची सवय लावून घ्यावी आणि पुढे म्हातारपणी आईवडिलांनाही तिचाच प्रत्यय यावा. शिवाय सेवेचा आरंभ घरापासून व्हावयास हवा. शिबिरात झाडू मारणाऱ्या मुलाने घरी स्वतःचे ताट उचलले नाही, आजारी आजोबांजवळ घटकाभर बसला नाही, आणि घरकाम करणाऱ्या बाईशी आदराने बोलला नाही, तर ती सेवा अंगी लागली नाही असे समजावे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या बोधचिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे चाक आहे. त्याचे आठ आरे अहोरात्रीच्या चोवीस तासांचे, म्हणजे आठ प्रहरांचे, द्योतक आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही एक चक्र आहे: अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य आणि कर्मापासून यज्ञ. या फिरत्या चक्राला जो आपला हात लावीत नाही, त्याचे जिणे व्यर्थ आहे, असे भगवंत म्हणतात. आपला मुलगा किंवा मुलगी शिकते, तेव्हा तिच्या फीपलीकडचा पुष्कळ खर्च समाज उचलीत असतो; तिच्या ताटातले अन्न कोणी पिकविलेले असते, तिची वाट कोणी झाडलेली असते. या दृष्टीने पाहिले तर सेवा हा उपकार नाही, ते घेतलेल्याचे परत करणे आहे. आणि परत करणाऱ्याने मोबदला मागण्याचा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा मुले संध्याकाळी थकून घरी आली म्हणजे ‘तुला काय मिळाले?’ हा प्रश्न आपण थोडा बदलावा. ‘आज कोणाचे काय काम झाले? आणि अजून काय राहिले?’ असे विचारावे, आणि त्यांचे सांगणे शांतपणे ऐकून घ्यावे. त्यांना काय मिळाले ते विचारण्याची घाई नको. योगाने परिपक्व झालेल्याला ते काळाने आपल्याच ठिकाणी आपोआप प्राप्त होते, असे चौथ्या अध्यायात ज्ञानाविषयी सांगितले आहे. सेवेच्या या फळालाही तोच नियम लागू आहे. ते मुलांच्या बोलण्यात, वागण्यात, घरातल्या दुबळ्यांशी असलेल्या त्यांच्या संबंधात दिसू लागेल, आणि त्या वेळी प्रमाणपत्र कोणत्या कपाटात ठेवले आहे याची आठवणही बहुधा कोणाला राहिलेली नसेल.